शेरा : मागणी नाही

मी आयुष्यभर टँकर पाठवले. पाण्याचे. जलकुंभाच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, एक फोन, एक पंखा आणि एक रजिस्टर. पंखा बंद पडला तर चालायचं, रजिस्टर हरवलं तर नोकरी जायची. लग्नाकार्यात नातेवाईक माझी ओळख करून देताना 'ह्या पाण्याच्या खात्यात आहेत' असं म्हणाले, की समोरच्याचा चेहरा एकदम खुलायचा. पुढच्या पाच मिनिटांत तो आपल्या कॉलनीचं नाव, गल्ली आणि टाकी किती दिवसांपासून कोरडी आहे ते सांगून मोकळा व्हायचा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नवऱ्यामुलाच्या मामापेक्षा माझा मान जास्त होता.

खात्याचं नाव इथं लिहीत नाही. एक तर पेन्शन तिथूनच येते. दुसरं म्हणजे, जे सांगणार आहे त्यात खात्यापेक्षा माझा दोष मोठा आहे.

काम बाहेरून सोपं दिसायचं. ज्या भागांत नळाची लाईन पोचलेली नव्हती, तिथं टँकर जायचे. सकाळी ड्रायव्हर टाकीखाली गाडी भरून घ्यायचा, मी त्याला खेपेची चिठ्ठी द्यायची, तो पाणी उतरवून गल्लीतल्या कुणाची तरी सही घेऊन चिठ्ठी परत आणायचा आणि मी ती रजिस्टरात उतरवायची. तारीख, वस्ती, वेळ, गाडी नंबर आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. आजोबांनी निजामाच्या अमदानीत उर्दूतून दफ्तर लिहिलं, वडिलांनी मराठीतून. मला रजिस्टराचा अभिमान होता. त्यात खाडाखोड सापडली नसती. तपासणीला येणारे साहेब पान उलटून 'वा मॅडम' म्हणायचे आणि चहा मागायचे.

पण त्या सुंदर अक्षरात मी काय लिहीत होते, ते आता सांगते.

गाडी पोचली नाही, तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावं लागायचं. 'रस्ता नाही' असं लिहिलं की भानगड सुरू. इंजिनिअरनं जागेवर जाऊन पाहणी करायची, ड्रायव्हरनं खुलासा द्यायचा, खुलासा अपुरा म्हणून परत यायचा, आणि खेप अधांतरी राहायची. 'मागणी नाही' असं लिहिलं की कुणी काही विचारत नसे. लोकांना पाणी नको होतं, गाडी दुसरीकडे उतरवली, विषय मिटला. हा शेरा माझ्या आधीच्या बाईंनी मला शिकवला आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. आम्ही त्याला खोटं म्हणत नव्हतो. ती आमची कामाची पद्धत होती.

हा शेरा सगळ्यांत जास्त वेळा ज्या वस्तीपुढे लागला, ती म्हणजे आमच्या शहराच्या कडेच्या सातारा भागातली खदानीमागची वस्ती. दगडाच्या जुन्या खाणीच्या कडेनं पन्नास-साठ घरं. पूर्वी तिथवर मोठी गाडी जायची. मग शहर वाढत वाढत त्या टेकडीपर्यंत आलं, एक नवी इमारत उठली आणि तिच्या कंपाउंडच्या भिंतीनं वस्तीचा रस्ता निम्मा खाल्ला. आमचा जुना ड्रायव्हर सलीमभाई पहिल्याच दिवशी परत आला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, गाडी मुडतीच नई वहाँ. अंदर डाली तो बाहर कैसी निकालूं?"

"मग पाणी कुठं उतरवलं?"

"कॉर्नरच्या कॉलनीत. वो लोगां तो खडेच रहते पाइप लेके."

मी शेरा लिहिला. मागणी नाही.

चौथ्या दिवशी, सोमवारी, कडूबाई आली.

कडूबाई त्याच वस्तीतली. गाव पाचोडच्या पुढं. तिकडच्या विहिरी आटल्या तेव्हा नवऱ्याबरोबर शहरात आली आणि बांधकामाला लागली. नवरा पुढं वारला. मुलगा आणि पुढं घरात आलेली सून सुनीता, तिघंही बांधकामावर. पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिनं आधी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, तुमी त्या पिवळ्या बिल्डिंगीत ऱ्हाता ना? तिला म्या पानी मारलंय. पंधरा दिस. सिमिटाला लई पानी लागतं."

खरंच मी तिथं राहत होते. गुलमंडीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही नुकताच तिथं फ्लॅट घेतला होता.

"आमाला मातर नाय," ती म्हणाली. "गाडी येती आन् भाईरूनच जाती. आमी काय करावं?"

मी सलीमभाईला बोलावून ट्रॅक्टरचा छोटा टँकर पाठवला. तो आत जायचा. पण ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला नेमलेला, त्यामुळे कागदावर ही खेप दाखवता येत नव्हती. तेव्हापासून ते तसंच चालू झालं. रजिस्टरात वस्तीपुढे 'मागणी नाही', आणि प्रत्यक्षात कडूबाई सोमवारी आली की तोंडी सांगून ट्रॅक्टर जायचा. ती कधी एकटी यायची, कधी दोघीतिघी. मी फोनवर असले तर थांबायची. जाताना हात जोडायची. मला वाटायचं, नियमात बसत नसतानाही मी कुणासाठी तरी काही करते आहे. घरी नवऱ्याला सांगायचेसुद्धा. त्या दुष्काळाच्या वर्षांत रात्री झोप चांगली लागण्याची कारणं थोडीच होती, त्यातलं हे एक होतं.

आता दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याच पिवळ्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांना तक्रार करण्याची मनापासून आवड. जायकवाडीत मृतसाठा उरला असं पेपरात आलं की काका इमारतीची जमिनीखालची टाकी काठी घालून मोजायचे, आणि टाकी अर्धी भरलेली असली तरी मला फोन करायचे. "मॅडम, अर्धी रिकामी आहे." मी म्हणायची, "काका, अर्धी भरलेली आहे." त्यावर ते पाण्याच्या वासाबद्दल बोलू लागायचे. मला हसू यायचं. पुढं काकांमुळे काय होणार आहे, ते माहीत असतं तर आलं नसतं.

मग मशीन आलं. त्याला प्रणाली म्हणायचं, असं आम्हाला परिपत्रकानं कळवलं होतं, पण ड्रायव्हर मशीनच म्हणायचे. पुण्याच्या एका कंपनीनं ते तयार केलं. कुठल्या वस्तीला कधी आणि किती गाड्या जाव्यात, हे आता संगणक ठरवणार होता. आणि त्यात कुणी हात घालायचा नाही, असा कडक हुकूम होता. तो हुकूम मला पटला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. पुढाऱ्यांचे फोन, 'आमच्या साहेबांचा बंगला आहे, आधी तिकडं वळवा' असली गुर्मी, याला मी कंटाळले होते. सगळ्यांना सारखा न्याय मिळणार होता. मी पेढे वाटले नाहीत इतकंच.

कंपनीची इंजिनिअर मेघना नावाची होती. तिशीतली, चष्मेवाली, फार बोलायची नाही. तिनं माझी दहा वर्षांची रजिस्टरं मागून घेतली आणि पानं स्कॅन करायला लावली. मी विचारलं, "जुन्या रद्दीचं काय करणार?"

ती म्हणाली, "मॅडम, नव्या कारकुनाला तुम्ही आधी जुनं दफ्तर वाचायला देता ना? तसंच. तुम्ही आजवर काय केलंत ते वाचून हे शिकणार. आणि रोज लोक मोबाईलवरून तक्रारी टाकतील, त्याही वाचणार."

आठ दिवसांनी ती एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. खदानीमागच्या वस्तीच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "इथं सतत 'मागणी नाही' आहे. वर्षानुवर्षं. उन्हाळ्यातसुद्धा. असं कसं?"

हाच तो क्षण. मी चहा पीत होते. खरं सांगितलं असतं, तर तिनं ती पानं बाजूला काढली असती. पण मग ट्रॅक्टरचं निघालं असतं, सलीमभाईच्या चिठ्ठ्यांचं निघालं असतं, आणि माझ्या खाडाखोड नसलेल्या रजिस्टराचंही. मी म्हणाले, "तिथं खदानीत पाणी असतं. त्यांचं भागतं."

मेघनानं मान डोलावली आणि कागदावर बारीकशी खूण केली. पाण्याच्या खात्यातल्या बाईचा शब्द म्हटल्यावर तिनं तरी आणखी काय विचारायचं?

मशीन सुरू झालं आणि पहिल्या महिन्यात सगळे खूश. फोन बंद झाले. पुढारी गप्प झाले. काका तर हरखून गेले. त्यांना ॲप सापडलं होतं. दिवसातून तीन तक्रारी, फोटोसकट. मशीननं रजिस्टरात पाहिलं, पिवळ्या इमारतीकडे गाड्या नेहमीच पोचलेल्या. मोबाईलवर पाहिलं, रोज तक्रारी. त्यानं ठरवलं, शहरातली सगळ्यांत तहानलेली माणसं इथंच राहतात. आमची टाकी वाहू लागली. आणि खदानीमागची वस्ती यादीत खाली खाली जात एक दिवस यादीतूनच गेली. ट्रॅक्टरही मशीनच्या ताब्यात गेला होता.

सोमवारी कडूबाई आली. मी तिला संगणकाचा पडदा दाखवला, जणू तिला वाचता येत होतं.

"मी नाही ठरवत आता. मशीन ठरवतं."

"मंग मशीनला सांगा की."

"तुम्हीच सांगायचं. मोबाईलवरून तक्रार टाकायची."

तिनं कमरेचा बटणाचा मोबाईल काढून दाखवला. मुलाकडे चांगला फोन होता. त्यावरून आम्ही दोघींनी दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला, तर ॲपनं घराचा मालमत्ता क्रमांक मागितला. वस्तीतल्या एकाही घराला तो नव्हता. तो रकाना रिकामा ठेवूनच तक्रार पाठवली, तर कार्यालयाकडून खात्री करायला फोन गेला तो दुपारी, तेव्हा मुलगा चौथ्या मजल्यावर स्लॅबवर होता. फोन उचलला नाही म्हणून नोंद झाली : प्रतिसाद नाही.

"बाई," कडूबाई म्हणाली, "तुमी आदुगर नुसतं तोंडानं सांगायच्या आन् गाडी यायची. आता येवढं मशीन आलं तरी नाय कामून?"

मी तिला सांगितलं की वरिष्ठांकडे विषय मांडते. आणि मांडलाही, पण अर्धाच. अशा तक्रारी इतर भागांतूनही येऊ लागल्या होत्या, पेपरात एक बातमी आली, म्हणून एक समिती नेमली गेली. तंत्रज्ञानात कुणी मागं राहू नये यासाठी धोरण ठरवायचं होतं. धोरणाचं नाव लांबलचक होतं, बिस्किटं चांगली होती. मला 'प्रत्यक्ष अनुभव' म्हणून बोलावलं होतं.

पहिल्या बैठकीत ॲप मराठीबरोबर उर्दूतही असावं असं ठरलं. दुसऱ्या बैठकीत बटणाच्या फोनवरून मिस्ड कॉल दिला तरी तक्रार धरावी, असं ठरलं. मालमत्ता क्रमांक नसेल तर जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर चालावा, ही सूचना माझी. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सगळ्या सूचना चांगल्याच होत्या. पण मेघनानं पुन्हा तोच कागद काढला आणि म्हणाली, "तक्रारी वाढल्या तरी काही वस्त्या वर येणार नाहीत. जुन्या नोंदींचं वजन जास्त आहे. त्या नोंदी बरोबर आहेत का, हे कुणीतरी सांगायला हवं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तपासून सांगते." तपासायला काय होतं? अक्षर माझंच होतं. पण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, सलीमभाई कंत्राटी, त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं. मी स्वतःला हे सांगितलं. खरी गोष्ट अशी की चारचौघांत 'माझं रजिस्टर खोटं आहे' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. तिसरी बैठक तीन आठवड्यांनी ठरली.

त्या तीन आठवड्यांत एप्रिल सरला. वस्तीतल्या बायका खदानीत उतरू लागल्या. तळाशी झऱ्याचं गढूळ पाणी वाटीवाटीनं साचायचं. कामावर जायच्या आधी, पहाटे फटफटताना रांग लागायची. सुनीता भरलेला हंडा घेऊन वर चढताना कडेचा दगड निसटला आणि ती खाली गेली.

मला हे सलीमभाईनं सांगितलं. खोलीत येऊन उभा राहिला, बसला नाही. "मॅडम, वो कडूबाई की बहू खदान में गिरी. कमर गई उसकी. डॉक्टर बोले, अब वजन नक्को."

बांधकामावरच्या बाईला वजन नको म्हणजे काय, हे समजायला डॉक्टर लागत नाही. ती तेवीस वर्षांची होती. मी सरकारी दवाखान्यात गेले. ती पाठीवर उताणी पडून छताकडे पाहत होती. कडूबाई कोपऱ्यात बसली होती. तिनं मला पाहिलं, उठली आणि स्वतःची जागा मला बसायला दिली. मला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या बैठकीला मी रजिस्टर पिशवीत घालून नेलं. टेबलावर उघडून सगळं सांगितलं. शेरा कसा लिहायचो, का लिहायचो, ट्रॅक्टर तोंडी कसा जायचा. मेघनाला मी काय उत्तर दिलं होतं, तेही. मेघना रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "म्हणजे कागदावर जे चुकत होतं ते तुम्ही तोंडानं दुरुस्त करत होतात. मशीनला कागद तेवढा मिळाला." एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

धोरणात मग तीन कलमं वाढली. ती माझ्या हस्ताक्षरात आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे, लाज वाटत असूनही. 'मागणी नाही' हा शेरा बंद. गाडी परत आली तर खरं कारणच लिहायचं आणि त्याबद्दल ड्रायव्हरला शिक्षा करायची नाही. आणि ज्या वस्तीकडून सलग काही आठवडे काहीच मागणी दिसत नाही, तिथं ते समाधानाचं लक्षण मानायचं नाही; माणसानं पायी जाऊन दारोदार विचारायचं, आणि तोपर्यंत गाडी चालू ठेवायची. जुनी पानं मशीनच्या शिकवणीतून काढून टाकली.

ड्रायव्हरला शिक्षा नाही हे कलम पुढच्यांसाठी होतं. गाडी परत आली की चिठ्ठीवर ड्रायव्हरची सही असायची, आणि मागच्या चिठ्ठ्यांवर सह्या सलीमभाईच्या होत्या. मला ताकीद मिळाली, त्याचं कंत्राट गेलं. निरोप घ्यायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मॅडम, सच बोले आप, अच्छा किए. पर पहले मेरेकू पूछना था." मी विचारलं नव्हतं, हे खरं. आता तो वेरूळच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवतो. दिसला तर लांबूनच सलाम करतो, थांबत नाही.

खदानीमागच्या वस्तीला दिवसाआड छोटी गाडी सुरू झाली. काकांनी आमच्या इमारतीच्या गाड्या कमी झाल्याबद्दल माझ्याविरुद्ध अर्ज केला. मी त्यांचं तोंड पुढं वर्षभर पाहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी वस्तीत गेले. इतक्या वर्षांत मी तिथं कधी गेले नव्हते, हे चढ चढताना लक्षात आलं. कंपाउंडच्या भिंतीला खेटून गाडी उभी होती, बायका ड्रम भरत होत्या, कुणी मला ओळखलं नाही. सुनीता दारात बसून लसूण सोलत होती. चालताना भिंतीला धरते. कडूबाईनं चहा टाकला.

मी तिला म्हणाले, "कडूबाई, तुला एक सांगायचं राहिलं. रजिस्टरात तुमच्या वस्तीपुढे 'पाणी नको' असं मीच लिहीत होते. एवढी वर्षं."

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "सलीमभाईनं सांगितलं व्हतं मागंच."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमाला राग आला असता. मंग ते टॅक्टर बी बंद झालं असतं." तिनं कपात चहा ओतला, फडक्यानं बशी पुसली. "आता ही गाडी कुनाच्या सांगन्यावरनं येती?"

"कुणाच्याच नाही. यादीत नाव आहे तुमचं."

"म्हंजी तुमच्या जागी दुसरी बाई बसली तरी येनार?"

"येणार."

"कुनाला मागाया जायचं नाय?"

"नाही."

तिनं कप माझ्याकडे सरकवला. सुनीता लसूण सोलायची थांबली.

"येवढंच व्हतं, तर मंग आदुगरच कामून नाय केलं, बाई?"

रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नियमांचं काहीतरी पुटपुटले आणि चहा संपवून उठले. उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. ती माझ्याकडे मागायला यायची, ते मला आवडायचं.